गेरू लागलेला मोगरा

होळी झाली की मी कुंड्या हलवते. गच्चीवरच्या सगळ्या खाली आणायच्या, पूर्वेच्या भिंतीला एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, मोठ्या बाहेर आणि लहान आत. गर्दीत झाडं कमी तापतात. मातीवर उसाचं पाचट पसरायचं, ते नसेल तर सोयाबीनचं भुसकट, तेही नसेल तर नारळाच्या शेंड्या. खत बंद, छाटणी बंद. पाणी सकाळी ऊन यायच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर. दुपारी झाड माना टाकून उभं असलं तरी तिकडे बघायचं नाही. ते मेलेलं नसतं, अंग चोरून बसलेलं असतं. तेव्हा तापलेल्या मातीत पाणी ओतलं की मुळं उकडतात आणि मग ते खरंच मरतं. हे मी दरवर्षी आमच्या गल्लीत नव्याने राहायला आलेल्या बायकांना सांगते. त्या ऐकून घेतात आणि दुपारी पाणी घालतात.

नांदेडचं ऊन हे भांडण्याचं ऊन नाही. त्याच्यापुढून बाजूला व्हायचं असतं. मी शाळेत गणित शिकवते. सकाळची शाळा सुरू झाली की अकरालाच घरी येते आणि पडदे ओले करून लावते. कपडे धुतलेलं शेवटचं पाणी कढीपत्त्याला, भाज्या धुतलेलं गवती चहाला, कूलरच्या टाकीतलं उरलेलं जास्वंदीला. कोरफडीला काहीच नाही, कारण तिला नकोच असतं. झाडांचे लाड मी करत नाही. जी जगतात ती ठेवते. जी दर उन्हाळ्यात रडगाणं लावतात ती पुढच्या वर्षी आणत नाही.

माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई एक प्रश्न विचारते. "बाई, एवढं सगळं आहे, मोगरा कसा नाही?" उन्हाळ्यात फुलणारं, उन्हालाच खूश होणारं, आमच्याकडे दारोदारी असणारं हे झाड माझ्या दारात नाही. मी सांगते, आईला आवडत नाही. हे खोटं आहे, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगण्याइतकं खरं आहे.

आई माझ्याकडेच असते. खिडकीखाली तिची खाट आहे. तिला आता कमी दिसतं, पण ऐकू सगळं येतं, विशेषतः जे तिच्यासाठी नसतं ते. सकाळी मी तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवते. मराठवाड्यात कुठे ना कुठे नव्या जिल्ह्याची मागणी चालूच असते. कधी उदगीर, कधी किनवट. दर उन्हाळ्यात ती बातमी पुन्हा येते, आंब्यासारखी. या वर्षीही आली. मी वाचली. आई म्हणाली, "होऊ द्या जिल्हा. तिथल्या बायांना तेवढं सांगा म्हणावं, कुंड्या घरात घ्या."

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा अहमदपूरला एका सरकारी खात्यात कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं लागली तशी त्यांची लातूरला बदली झाली. टेबल तेच, फाइली त्याच, फक्त गाव मोठं. सगळं शहर तेव्हा नव्या रंगाच्या वासाचं होतं. भाड्याच्या गोदामांना पाट्या लागत होत्या आणि त्यांची कार्यालयं होत होती. जीपगाड्या वाढल्या होत्या. चहावाल्यापासून न्हाव्यापर्यंत प्रत्येकाच्या बोलण्यात एकदा तरी यायचं, "आता आपला जिल्हा झाला ना." जणू घरात मुलगा झाला होता.

पाणी मात्र तालुक्याचंच होतं. तेही आटलेलं. ओळीने दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता. आम्ही राहायचो त्या गल्लीत टँकर यायचा. आला तर यायचा. घागरी, कळश्या, पिंपं, डालड्याचे डबे, सगळं रांगेत आधीच लावलेलं असायचं आणि त्या भांड्यांवरून बायका एकमेकींना ओळखायच्या. आमच्या घागरीला पोचा होता. "पोच्याची घागर कुणाची? पुढं सरकवा!" असं कुणी ओरडलं की मी धावायचे.

त्या पाण्यावर आईची बाग होती. बाग म्हणजे परसात, न्हाणीच्या मागे, मातीच्या कुंड्यांची एक ओळ. माणसाने आंघोळ करायची ती मोठ्या घमेल्यात बसून. घमेल्यातलं पाणी उचलून झाडांना. साबण लावायचा असेल तर आधी साध्या पाण्याने अंग भिजवायचं, ते पाणी वेगळं काढायचं आणि मग साबण. दादा वैतागायचे. "माणसानं आंघोळ करावं का शेती करावं?" आई न्हाणीच्या बाहेरून म्हणायची, "दोन्ही करा. अन् लवकर करा, लिंबू वाट बघून राहिलंय."

मोगऱ्याला मात्र साबणाचं पाणी नाही. त्याला तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं. त्याच्या कुंडीत आईने एक लहान बोळकं पुरलेलं होतं, बुडाला भोक आणि भोकात कापडाची वात. बोळकं भरलं की माती दिवसभर हळूहळू ओली राहायची. आजकाल असली युक्ती लोक मोबाइलवर बघतात आणि मला पाठवतात. आईने ती तिच्या आईकडून घेतली होती, आणि मोगराही तिच्याकडूनच.

आईचं माहेर इस्लापूरचं. नांदेड जिल्ह्याचं ते टोक. पलीकडे पैनगंगा, धबधबा, सागवानाचं रान. लातूरच्या माळावर वाढलेल्या माणसाला तिथली हिरवाई थोडी उधळपट्टीच वाटते. आई लग्न होऊन निघाली तेव्हा आजीने मोगऱ्याची एक फांदी मातीत दाबून, मुळं फुटल्यावर डालड्याच्या डब्यात लावून दिली होती. एसटीत आईने तो डबा मांडीवर धरला होता. दुसऱ्या बाया बरोबर काय काय आणतात, हिनं झाड आणलं, असं दादांकडची माणसं म्हणाली. अहमदपूरला त्या डब्याची कुंडी झाली. लातूरला येताना ट्रकमध्ये सामान हादरलं आणि कुंडीचा काठ तडकला. आईने त्याला लोखंडी तार गुंडाळून पीळ दिला. झाड टुकटुकीत राहिलं.

त्या मोगऱ्याचं वर्षभराचं काम एकच होतं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार आणि वैशाखी पौर्णिमेला बुद्धाच्या मूर्तीपुढे ओंजळभर फुलं. आई विकतची फुलं आणायची नाही. "दुसऱ्यानं वाढवलेलं आपण काय वाहायचं?" एवढंच तिचं म्हणणं. ती पोथ्या वाचणारी बाई नव्हती, विहारातही फार बसायची नाही. वर्षभर न्हाणीचं पाणी वेगळं काढत राहायचं आणि वैशाखात ओंजळ भरायची, ही तिची वंदना होती. त्या दुष्काळातही चैत्र लागला तशा मोगऱ्याला कळ्या धरल्या. जयंतीला हार झाला. लहान, पण झाला. आई कळ्यांकडे बघून म्हणाली, "आता खरा भर पुनवेला."

जयंती होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि दादांच्या ऑफिसचा शिपाई दारात आला. लक्ष्मण मामा. आम्ही सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायचो. मागे रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि तिच्यात आधीच पाच-सहा कुंड्या होत्या.

"वहिनी, कुंड्या लागतेत. कार्यक्रम हाय."

कार्यक्रम असा होता, की खात्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी आणि त्यासोबत वृक्षारोपण. मुंबईहून पाहुणे येणार होते. मोठ्या साहेबांनी जागा बघितली तर सगळा माळ. एक काडी हिरवी नाही. नवा जिल्हा पाहुण्यांना असा दाखवायचा का? तेव्हा साहेबांनी हुकूम काढला, कर्मचाऱ्यांच्या घरून आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमधून कुंड्या गोळा करा, स्टेजपुढे लावा, कार्यक्रम झाला की ज्याच्या त्याला पोचवा. ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. सतरंज्या, खुर्च्या, तांब्या-पेले, सगळंच तेव्हा असं मागून नेलं जायचं.

चैत्रात, दुष्काळात, वृक्षारोपण. आमच्या घरातल्या मांजरालाही कळत होतं, की ही झाडं लावायची वेळ नाही.

आईने लिंबू दाखवलं, फुलं गळालेली सदाफुली दाखवली, शोभेची पानं दाखवली. "ह्या न्या. मोगरा ऱ्हाऊ द्या."

लक्ष्मण मामा अवघडले. "वहिनी, साहेबानं फुलावरलंच आणा म्हनलंय. नुसता पाला नको म्हनले. गल्लीत फुलावरलं हे एकच हाय."

"पुनव येऊन राहिली ना, मामा."

"दोन दिसात आणून टाकतो की. माझ्या हातानं आणतो."

आईने दादांकडे बघितलं. दादा चपला घालून दारात उभे होते आणि चपलांकडेच बघत होते. त्यांच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसलेला तो पहिला माणूस. साहेबाने माणूस पाठवला म्हटल्यावर 'नाही' कसं म्हणतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "दे की. दोन दिवसानं काय होतंय." आईने बोळकं भरलं, कुंडी स्वतः उचलून ट्रॉलीत ठेवली, लिंबाच्या आडोशाला सावलीत. आणि मामांना सांगितलं, "दुपारी पाणी घालू देऊ नका कुणाला."

कार्यक्रमाला आम्हा शाळेच्या पोरांना नेऊन बसवलं होतं, टाळ्यांसाठी. स्टेजपुढे कुंड्यांच्या रांगा होत्या आणि मला आमची एकही ओळखू येईना. सगळ्या लालभडक झालेल्या. आदल्या दिवशी सगळ्यांना गेरू फासून वर चुन्याची पांढरी पट्टी ओढली होती. दिसायला एकसारख्या दिसाव्यात म्हणून. सरकारी ऑफिसात पावसाळ्याआधी कुंड्यांना, झाडांच्या बुंध्यांना, वाटेवरच्या दगडांना गेरू-चुना लावतात, तसाच. भाषणं झाली. पाहुण्यांनी आंब्याची रोपं लावली. खड्डे पाण्याने काठोकाठ भरले होते, आणि धूळ उडू नये म्हणून यायच्या रस्त्यावरही पाणी मारलं होतं. आम्ही पोरं त्या ओल्या मातीचा वास घेत बसलो. त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर आला नाही.

ट्रॉली कुंड्या घेऊन परत आली तेव्हा लक्ष्मण मामा तिच्यासोबत नव्हते. दुसराच कुणी माणूस होता. त्याने सगळ्या कुंड्या गल्लीच्या तोंडाशी उतरवल्या आणि म्हणाला, "ज्याच्या जितक्या गेल्या तितक्या उचला." हिशोब त्याचा बरोबर होता. जितक्या गेल्या तितक्या आल्या. फक्त त्याच नव्हत्या. बायका लाल कुंड्यांभोवती फिरत होत्या, आपलं पोर जत्रेत शोधावं तशा. आई येईपर्यंत तिच्या वाट्याला उरलं ते असं: वाळलेली सदाफुली, पानं जळलेली शोभेची दोन झाडं, आणि एक काळी तुळस. लिंबू नाही. मोगरा नाही.

तुळस शेजारच्या काकूंची होती. काळी तुळस गल्लीत त्यांच्याकडेच होती. त्यांचे यजमान शाळेत मास्तर. घर शिकलेलं, बोलणं मऊ. काकू माहेरी गेल्या होत्या म्हणून तुळस आमच्या परसात राहिली, आणि आईने तिला बाकीच्या झाडांसारखंच जगवलं. आली तेव्हा माना टाकलेली होती. काकू येईपर्यंत ती उभी राहिली. आई कुंडी कडेवर घेऊन त्यांच्या दाराशी गेली. मी, शोभा, मागे होते.

"काकू, तुमची तुळस. आमच्याकडं आल्ती चुकून."

"अगं बाई, जगली की!" काकू पुढे आल्या आणि थांबल्या. "शोभाच्या आई, पाणी कोणतं घालत होता हो?"

"जे हाय ते. न्हाणीचं."

काकूंनी हात मागे घेतला. आवाज तसाच मऊ. "मग राहू द्या आता तुमच्याकडेच. देवाला नाही चालायची ती."

काकूंच्या परसात अळू होतं. त्याला काकूंच्याच मोरीचं पाणी जायचं आणि त्याच अळूची भाजी त्यांच्या नैवेद्याच्या ताटात असायची. हे मला तेव्हाही माहीत होतं. आईला तर होतंच. तिने कुंडी पुन्हा कडेवर घेतली. परत येताना मला म्हणाली, "तुळशीला काय कळतंय, कुणाची न्हाणी हाय ते." त्याहून जास्त ती त्या विषयावर कधी बोलली नाही. तुळस आमच्याकडे राहिली, फोफावली. पुढे थंडीत काकूंना खोकला झाला तेव्हा काढ्यासाठी चार पानं मागायला त्या आल्या. आईने दिली. देवाला न चालणारी तुळस घशाला चालली.

लक्ष्मण मामा भेटले ते रांगेत, टँकरपाशी. आईने त्यांना घागरीसकट अडवलं.

"मामा, माझा मोगरा?"

मामा इकडेतिकडे बघून हळू बोलले. "चांगल्या चांगल्या कुंड्या साहेबाच्या बंगल्यावर उतरवल्या, वहिनी. मी न्हाई, वरून सांगितलं."

"मग आता आणून द्या."

"कसं आणू? गेरू लागला की सरकारी झाल्या त्या."

रात्री जेवताना आई म्हणाली, "मी बंगल्यावर जाऊन येते."

दादांचा घास थांबला. "एका झाडापायी? साहेब चिडले तर बदली करतील. पार किनवटला फेकतील."

"फेकू द्या की. माहं माहेर हाय तिकडं. पाणी बी हाय."

दादा हसले नाहीत. मी हसले, आणि मला गप्प बस म्हणाले.

आई मला घेऊन गेली. बंगल्यावर एकटीने जाण्यापेक्षा लेकरू बरोबर असलेलं बरं, असं तिला वाटलं असावं. बंगल्याच्या पोर्चमध्ये, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना, लाल कुंड्या मांडलेल्या होत्या. मोगरा उजवीकडे, वरून दुसऱ्या पायरीवर. काठाला तार होती. तारेवरही गेरू होता. झाड फुलांनी भरलं होतं. आमच्याकडे कधी इतकं भरलं नव्हतं, हे सांगायला हवं. बंगल्याला रोजचा टँकर होता.

बाईसाहेब बाहेर आल्या. चांगल्या होत्या. खुर्ची देऊ केली, आई बसली नाही. आईने सांगितलं, ही कुंडी माझी, ही तार मी बांधलेली, आत बोळकं पुरलेलं आहे, बघा. बाईसाहेबांनी वाकून बघितलंही. "अय्या, खरंच की! मला वाटलं माळ्यानेच केलंय." मग जरा अडखळल्या. "पण आता ह्या सगळ्या ऑफिसच्या नावावर आहेत हो. मी एक दिली तर सगळ्या गल्लीतून येतील. तुम्ही असं करा, फुलं घेऊन जा ना. पदर पसरा."

त्यांनी हात पुढे करून मोगऱ्याला धरलं. आई एवढ्या जोरात म्हणाली, की मीच दचकले, "तोडू नका!"

मग आवाज खाली आणून म्हणाली, "उन्हाचं तोडायचं नसतंय. संध्याकाळी तोडा. अन् ह्याला दुपारी पाणी घालायलेत तुमच्यात, माती बघा कशी झाली. मुळं उकडतील. सकाळी घाला, बोळक्यात घाला, तांदळाचं असलं तर उत्तम." बाईसाहेब मान हलवत ऐकत होत्या. शेवटी आई म्हणाली, "पावसाळा लागला की एक फांदी द्याल का? आता लावून येत न्हाई. पावसात धरते."

"हो हो, एक का, चार न्या. कधीही या."

येताना आईचा पदर रिकामा होता आणि चाल भराभर होती. झाड गेलं, हे तिने त्या पायऱ्यांवरच सोडून दिलं होतं. तिचा सगळा जीव आता त्या एका फांदीत होता. पाऊस लागेपर्यंत मोगरा जगला पाहिजे, मग तो कुणाच्या का पायरीवर असेना.

पौर्णिमेच्या सकाळी आई कुठेतरी गेली आणि ओच्यात गुलमोहर घेऊन आली. रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेला, तरी ताजा, लाल. बुद्धापुढे तिने तो मांडला. दादांनी विचारलं, "हे कुठलं?"

"सरकारी हाय. सरकारनं आपलं नेलं, आपण सरकारचं आणलं."

वंदना झाली. दुपारपर्यंत गुलमोहराच्या पाकळ्या काळ्या पडल्या. मोगरा दुसऱ्या दिवशीही वास देत राहतो. घरात त्या दिवशी कसलाच वास नव्हता.

मे संपताना बदल्या निघतात, तशा त्या वर्षीही निघाल्या. मोठे साहेब गेले. ट्रकमध्ये सोफे, कपाटं, कुत्रा, सगळं गेलं. कुंड्या नेल्या नाहीत. साहेब नियमाने वागणारे होते. सरकारी वस्तू त्यांनी सरकारलाच ठेवली. नवे साहेब यायला वेळ होता. बंगल्याला कुलूप लागलं आणि बंगल्याचा टँकर बंद झाला.

आमच्या गल्लीचाही टँकर आता अधूनमधूनच यायचा. बायका पलीकडच्या हापशावर जायच्या आणि वाट बंगल्यावरून होती. फाटकाच्या गजांतून पोर्च दिसायचा. पहिल्यांदा फुलं गळली. मग पानं पिवळी. आई रोज डोक्यावर घागर घेऊन तिथे थांबायची. फाटकाशी म्हातारा चौकीदार बसलेला असायचा. एक दिवस आई त्याला म्हणाली, "भाऊ, फाटक उघडता का? तांब्याभर पाणी घालते त्या झाडाला."

"कुलूप हाय ताई. अन् सरकारी हाय, बाहेरच्याला हात लावता येत न्हाई."

"मग तुम्ही घाला. मी देते."

तिने घागरीतून तांब्या भरून गजांतून आत दिला. मी शेजारी होते, माझ्या जिभेला कोरड पडली होती. हापशावर उन्हात उभं राहून मिळवलेलं पाणी होतं ते. चौकीदार म्हणाला, घालतो. दुसऱ्या दिवशी माती तशीच भेगाळलेली दिसली. आईने विचारलं, "भाऊ, घातलं न्हाई?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "खोटं न्हाई बोलत, ताई. प्यालो. दिवसभर हितं कुणी पाणी देत न्हाई."

आई म्हणाली, "बरं केलं. आधी माणसानं प्यावं." आणि त्या दिवशीही तिने तांब्या भरून आत दिला. त्याने घेतला. झाडाचं नाव दोघांनीही काढलं नाही. पुढे रोज जाताना ती त्याला पाणी द्यायची आणि पोर्चकडे न बघता निघायची.

पाऊस उशिरा आला, पण आला. तोवर पायरीवर काड्या उरल्या होत्या. त्यातली एक काडी आई मागून घेऊन आली. नवे साहेब आले होते, त्यांनी लगेच दिली, वाळलेलं कोण कशाला ठेवील. तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं असतं तर झाड जिवंत असतं. आत तपकिरी होतं. काडी तिने चुलीत घातली. इस्लापूरहून पुन्हा एखादी फांदी आणावी, तर आजी गेल्यावर आईच्या भावाने परसात पत्र्याची खोली काढली होती. मूळ झाड त्या खोलीखाली गेलं. आंब्याच्या खड्ड्यांमध्ये पुढच्या वर्षी पुन्हा वृक्षारोपण झालं. त्या वेळी मात्र कुंड्या मागायला आमच्याकडे कुणी आलं नाही, कारण फुलावरचं काही नव्हतं.

नंतर आईने घरात मोगरा आणू दिला नाही. मी नोकरीला लागले, नांदेडला घर बांधलं, रोपवाटिकेतून दोनदा मोगऱ्याची रोपं आणली. दोन्ही वेळा तिने शेजारी देऊन टाकली. रुसवा नाही, राग नाही. "जगतंय ते लाव," एवढंच. पुढे कितीतरी वर्षांनी लातूरला रेल्वेने पाणी न्यायची पाळी आली, ते आम्ही टीव्हीवर बघत होतो. आई म्हणाली, "बंगल्यावर आधी गेलं असंल बघ." मी म्हटलं, असं सरसकट बोलू नये. ती म्हणाली, "न्हाई बोलत."

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या समितीतला एक गृहस्थ संध्याकाळी आला. चांगला माणूस, बँकेत आहे. कॉलनीच्या बागेचं उद्घाटन आहे, पाहुणे येणार आहेत, बागेत अजून काही उगवलेलं नाही. "बाई, तुमच्या कुंड्या सगळ्यांत छान आहेत. दोन दिवसांसाठी द्या ना. मी स्वतः आणून देतो."

मी कपडे धुतलेल्या पाण्याची बादली हातात घेऊन उभी होते. म्हणाले, "नाही. देणार नाही."

"बरं बाई," तो म्हणाला. "मग बघतो दुसरीकडे." आणि गेला. जाताना फाटकाला कडीही लावून गेला.

मी कढीपत्त्याला पाणी घालायला वळले. खिडकीतून आईचा आवाज आला.

"गेला का गं?"

"गेला."

"काही म्हणला न्हाई?"

"काय म्हणणार? बरं म्हणाला."

बादली रिकामी करून मी आत आले, तर ती खाटेवर उठून बसली होती, पाय खाली सोडून, भिंतीकडे तोंड करून.

"'न्हाई' एवढंच म्हणायचं असतंय व्हय," ती म्हणाली.